मेण न दिलेला पिकअप

१

एकतीस वर्षं मी एकच काम करतोय. लोकांच्या गिटारी उघडायच्या, आत काय बिघडलंय ते शोधायचं, बदलायचं आणि पेन्सिलीने टकटक करून आवाज येतो का ते ऐकायचं. आमच्या कॅलमझू गावात हे काम करणारे पुष्कळ आहेत. गिटारींचा जुना कारखाना याच गावात होता, त्यामुळे इथे दर तिसऱ्या माणसाला गिटारीतलं कळतं, आणि उरलेल्या दोघांना आपल्याला कळतं असं वाटतं.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली काडेपेटीहून जरा मोठी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारीची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज थरथरते, आणि तीच पुढे अॅम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, आवाज होऊन बाहेर पडते. एवढंच. पण या एवढ्याशा डबीपायी चांगली शहाणीसुरती माणसं एकमेकांशी बोलणं टाकताना मी पाहिली आहेत. जुना आवाज हवा म्हणतात. कुठला जुना, विचारलं तर सांगता येत नाही.

मिसेस टर्पस्ट्रांना मात्र सांगता येत होतं. जानेवारीत त्या दुकानात आल्या तेव्हा बुटांवरचा बर्फ झटकायच्या आधीच त्यांनी गिटारीचा खोका टेबलावर ठेवला. लहानपणी रविवारच्या शाळेत त्या मला बायबल शिकवायच्या, आणि साठी गाठली तरी मी त्यांच्यापुढे सरळच बसतो.

"मार्विन, हिचा आवाज गेला," त्या म्हणाल्या.

ती व्हर्नची गिटार होती. त्यांच्या नवऱ्याने तीस वर्षं शनिवारच्या नाचाला ती वाजवली. आता व्हर्न चौदा महिने अंथरुणावर होता. दोनदा झटका येऊन गेलेला, वाचा गेलेली, बायकोची ओळख गेलेली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मिसेस टर्पस्ट्रा चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीन सूर शिकल्या होत्या. रोज दुपारी तीनला त्या तेच तीन सूर या गिटारीवर वाजवायच्या, आणि व्हर्न भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवायचा.

"चर्चमधला ऑर्गन तुम्ही किती सुरेख वाजवता," मी म्हणालो. "घरी छोटा ऑर्गन आहे ना?"

"ऑर्गनने वळत नाही तो. मी हाक मारून वळत नाही, मुलगी ओरेगनहून येऊन रडली, तिनेही वळला नाही. या गिटारीने वळतो." त्यांनी पर्समधून पेपरमिंट काढून माझ्यापुढे ठेवलं. "डॉक्टर म्हणतात, आता काही आठवडे. तेवढे दिवस त्याने माझ्याकडे बघावं, मार्विन. एवढंच मागतेय."

मी पेपरमिंट तोंडात टाकलं आणि गिटार उघडली. मानेकडचा पिकअप गेला होता. आतली तार कुठेतरी कुजून तुटली होती.

२

आधी मी तोच पिकअप नव्याने गुंडाळला. पूर्वी कारखान्यात हे काम बायका करायच्या. यंत्र फिरायचं आणि तार त्या बोटांतून सोडायच्या. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट, म्हणून एकाच दिवशी बनलेले दोन पिकअपही सारखे वाजत नसत. मी तोच चुंबक ठेवला, तितकीच बारीक तार घेतली, वेढे मोजून तेवढेच घातले. पण हात माझा होता.

चार दिवसांनी त्या परत आल्या. "छान वाजते. पण तो वळला नाही."

मग मी एक नवा मागवला. जुन्या धर्तीवर बनवलेला, हुबेहूब जुना वाजतो अशी त्याची ख्याती. खरं सांगायचं तर मला त्या दोघांतला फरक फारसा ऐकू आला नाही. माझ्या कानांत सहा-सात वर्षं शिट्टी वाजतेय, आणि वरचे बारीक सूर मला ऐकूच येत नाहीत. गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही. अर्धं काम आठवणीवर चालतं आणि अर्धं चेहरा गंभीर ठेवून.

या वेळी त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. कोट न काढताच बसल्या.

"बोलला तो," म्हणाल्या.

"अरे वा!"

"डोळे मिटलेलेच होते. मी वाजवायला लागले आणि तो म्हणाला, 'कोण आहे?' चौदा महिन्यांनी तोंड उघडलं, मार्विन, आणि म्हणाला काय, तर कोण आहे."

त्यांना कॉफी दिली, पण त्यांनी ती प्यायली नाही. मला मनापासून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मी देव नाही, तारांना सोल्डरचा डाख लावणारा माणूस आहे. पण गिटार मी ठेवून घेतली.

३

ड्वेन मेलेल्या माणसांच्या घरांतून जुनं सामान उचलतो आणि माझ्यासारख्यांना विकतो. पिकअपच्या बाबतीत तो इतका कर्मठ आहे की त्याच्यासमोर नव्या पिकअपचं नाव काढलं तर तो टोपी घालून निघून जातो. मी त्याला सगळी हकिगत सांगितली.

"तू नवीन बसवलास? त्या म्हाताऱ्याला?" तो म्हणाला. "अरे, तो झटक्याने मरत नव्हता म्हणून तू मारायला निघालास की काय?"

"थट्टा पुरे. आहे का काही?"

त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत चिंध्यांत गुंडाळलेला एकच पिकअप होता. कव्हर नव्हतं, वरची टेपसुद्धा काढलेली. तार गर्द तपकिरी, जुन्या व्हायोलिनच्या रंगाची.

"कुठला हा?"

"कुठल्या तरी तळघरातला. कोणीतरी बनवला, पण गिटारीत कधी बसवला नाही. सोल्डरचा डाग दिसतोय का कुठे? आणि मेणही दिलेलं नाही." शेवटचं वाक्य त्याने अशा आवाजात म्हटलं की जणू लेकीचं स्थळ सांगतोय.

पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायची पद्धत आहे. मेण आत शिरलं की वेढे घट्ट बसतात. नाहीतर ते सैल राहतात आणि तारांसोबत खोलीसुद्धा ऐकतात. टेबलावर पेन्सिल पडली तर अॅम्पमधून पडते, गिटारीवर वाकून बोललं तर आपलंच बोलणं अॅम्पमधून येतं. मेण दिलं की हे थांबतं, पण जुन्या आवाजातला मोकळेपणाही त्यासोबत थोडा जातो. ड्वेनसारख्यांच्या लेखी मेण म्हणजे पाप.

"मेणात घातलास तर तुझं तोंड बघणार नाही," जाताना तो म्हणाला.

मी मीटर लावून तपासलं. वेढे शाबूत असले की मीटर एक आकडा दाखवतो आणि तिथे थांबतो. हा आकडा थांबेना. हळूहळू थोडा वर चढायचा, मग हळूहळू खाली उतरायचा. तार गरम झाली की आकडा वाढतो, माझ्या बोटांची ऊब लागत असेल, असं म्हणून मी हात बाजूला घेतले आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

आकडा चढत राहिला, उतरत राहिला. मिनिटाला साधारण चौदा वेळा. मोजलं हेच चुकलं, असं आता वाटतं.

४

तरीही बसवला. मीटर जुना होता, मीही जुना होतो, आणि पाठ दुखत होती.

अॅम्प गरम झाला, मी एक सूर छेडला, आणि पहिल्यांदाच मला दोन पिकअपांतला फरक नीट ऐकू आला. कित्येक वर्षांपूर्वी गेलेले बारीक सूरसुद्धा ऐकू आले असं वाटलं. सूर मऊ होता, त्याला कडाही होती, आणि तो विझताना खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. मी बराच वेळ वाजवत बसलो. दुकानात स्वतःसाठी वाजवायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

मग हात तारांवर ठेवून सगळं बंद केलं. तेव्हा ते ऐकू आलं.

आत घेणं. बाहेर सोडणं. मधे थोडी विश्रांती.

माझाच श्वास, मी म्हटलं. मेण नाही, मी वाकून बसलोय, ऐकतोय तो मला. मी श्वास रोखला. ते चालूच राहिलं. हीटरचा पंखा बंद केला. खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी उभी होती, ती जाईपर्यंत थांबलो. गिटारीवरचं आवाजाचं बटण शून्यावर आणलं. जुनी बटणं शून्यावरही थोडं झिरपू देतात, हे मला माहीत आहे. आवाज बारीक झाला, पण गेला नाही. गिटार टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली, लांब वायर सोडली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला अॅम्पपुढे बसलो. आता ते बंद कपाटाच्या आतून आल्यासारखं घोगरं, पण तेच.

भर दुपार होती. समोरच्या बेकरीत माणसं रांगेत उभी होती. मला भीती वाटली, आणि ती वाटतेय याची लाजही वाटली.

मेणाचं भांडं शेगडीशेजारीच होतं. अर्ध्या तासाचं काम. मेण आत गेलं असतं आणि जे काही हलत होतं ते हलायचं थांबलं असतं. पण हा आवाजही गेला असता, आणि व्हर्न वळेल तर याच आवाजाने, अशी माझी खात्री झाली होती. म्हाताऱ्या बाईला तिसऱ्यांदा नाही म्हणायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी गिटार खोक्यात घातली, तो बंद केला आणि गाडीत टाकला.

५

टर्पस्ट्रांच्या घरात पुढच्या खोलीतच पलंग लावला होता. व्हर्न भिंतीकडे तोंड करून पडलेला. पांघरुणाखाली त्याची पाठ एवढीशी दिसत होती. मी अॅम्प पलंगाशेजारी ठेवला. त्याच्या आतल्या काचेच्या नळ्या, व्हॉल्व्ह, गरम व्हायला मिनिटभर लागतं. तेवढ्यात मिसेस टर्पस्ट्रांनी केस नीट केले.

त्यांनी पहिला सूर वाजवला. चुकीचा होता, एक बोट तारेवर नीट बसलं नव्हतं. दुसरा बरोबर आला.

व्हर्न वळला. नुसतं तोंड नाही, खांद्यासकट वळला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि ओठ हलवले. ते "लोईस", त्यांचं नाव, होतं हे मलाही कळलं. त्या वाजवत राहिल्या आणि रडत राहिल्या, आणि मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

मग त्या थांबल्या. खोलीत ते पुन्हा ऐकू यायला लागलं.

"हे काय?" त्यांनी हळूच विचारलं. "व्हर्नचा श्वास का?"

मी पलंगाकडे पाहिलं. व्हर्नची छाती भराभर आणि अडखळत हलत होती. अॅम्पमधला श्वास संथ होता, दुकानात होता तसा. दोघांचा मेळ नव्हता.

"मेण दिलेलं नाही ना, मिसेस टर्पस्ट्रा," मी म्हणालो. "खोलीतलं सगळं ऐकतो हा पिकअप."

"म्हणजे त्याचाच."

"त्याचाच," मी म्हणालो.

कॉफी होईपर्यंत मी बसलो. पाव तास झाला असेल. अॅम्पमधला श्वास हळूहळू भरभर होत गेला. एकदा अडखळला, थोड्या वेळाने पुन्हा अडखळला. नवा माणूस रांगेत चालताना पुढच्याची पावलं बघून आपली जुळवतो, तसं. मी कप खाली ठेवला तेव्हा दोन्ही श्वास एकत्र जात होते, एकत्र येत होते.

"बघ, किती स्पष्ट ऐकू येतो," मिसेस टर्पस्ट्रा म्हणाल्या. "रात्रीही चालू ठेवला तर चालेल ना? मला दुसऱ्या खोलीतून कळेल, बरा आहे की नाही ते."

मी चालेल म्हणालो.

६

व्हर्न अकरा दिवस जगला, आणि अकराही दिवस तो बायकोकडे बघत होता. हे त्यांनी मला दफनाच्या दिवशी सांगितलं. चर्चच्या खालच्या हॉलमध्ये हॅम सँडविच होते. त्या शांत होत्या, जरा जास्तच शांत, पण दुःखात माणसं कशीही वागतात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तू काय दिलंस मला, तुला कल्पना नाही." मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी आपल्या कामाचं बरं वाटलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मार्विन, त्या अॅम्पमधले व्हॉल्व्ह किती दिवस टिकतात?"

"वाजवण्यापुरते चालू ठेवले तर वर्षानुवर्षं."

"आणि बंदच केला नाही तर?"

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणालो, "रात्रंदिवस चालू ठेवला तर काही महिने. मग जातात."

"तुझ्याकडे जास्तीचे आहेत का? आणि एक बदलताना दुसरा चालू ठेवता येतो का? मधे खंड पडायला नको."

मी गाडी काढली.

७

दार त्यांनीच उघडलं. डोळे खोल गेले होते. पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले, पण दुपारचं ऊन कडेने येत होतं. पलंगावर स्वच्छ चादर होती, आणि व्हर्नच्या जागी, उशीवर मान टेकवून, गिटार झोपवली होती. गोधडी मानेपर्यंत ओढलेली. शेजारी अॅम्पचा लाल दिवा.

आत घेणं. बाहेर सोडणं. अडखळणं. व्हर्नचं अडखळणं, अगदी तसंच.

"मंगळवारी सकाळी त्याची छाती थांबली," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. इथे थांबली आणि तिथे नाही थांबली. नर्सला मी काही बोलले नाही. तिला काय कळणार. ते घेऊन गेले ते नुसतं शरीर होतं, मार्विन. तो इथे आहे."

मला सांगायला हवं होतं. हा श्वास गिटार तुमच्या घरी आणण्याआधीच मी ऐकलाय, एवढंच वाक्य. माझ्या दुकानात, भर दुपारी, व्हर्न इथे तीन मैलांवर पडलेला असताना. हा व्हर्नचा नाही. तो व्हर्नकडून शिकला. पण त्यांचा चेहरा असा होता की त्या वाक्यानंतर त्या घरात काय उरलं असतं ते मला दिसलं.

"तीन रात्री झोपले नाहीये मी," त्या म्हणाल्या. "तासभर बसशील त्याच्यापाशी? नुसता बसू नकोस, बोल काहीतरी. कुणी बोललं की त्याला बरं वाटतं."

"बसतो," मी म्हणालो. "तुम्ही पडा जरा."

त्या आतल्या खोलीत गेल्या. मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलो. अॅम्पचं बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. दाबलं असतं आणि व्हॉल्व्ह गेले म्हटलं असतं, तर त्यांनी विश्वास ठेवला असता. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी मी याहून मोठं खोटं बोललोय. पुन्हा व्हर्न मेला असता, एवढंच, आणि या वेळी माझ्या हातून.

मी बटणाकडे हात नेला. गोधडी सरळ होती, तारा स्थिर होत्या, काहीच हलत नव्हतं. एकदा मला वाटलं की उशीवरची गिटारीची मान मी आलो तेव्हा छताकडे होती आणि आता थोडी माझ्याकडे कलली आहे. चादर खचली असेल.

आधी काहीतरी बोलावं, म्हणून मी तोंड उघडलं.

अॅम्पमधला श्वास थांबला.

व्हर्नचा अडखळायचा तसा नाही. समोरचा काय बोलतो ते ऐकायला माणूस थांबतो, तसा. मी काही बोलेना, आणि तोही सुरू होईना. घरात एवढी शांतता झाली की फ्रीजचा घरघराट ऐकू आला, आणि मग आतल्या खोलीतून पलंगाची करकर, अनवाणी पावलं.

मिसेस टर्पस्ट्रा दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर. त्या माझ्याकडे नाही, अॅम्पकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडाला रंग नव्हता.

"थांबला का?" त्यांनी विचारलं. "मार्विन? थांबला का तो?"

मी हो म्हणू शकलो असतो. तेवढ्यावर संपलं असतं, माझा हात बटणावरच होता. पण रविवारच्या शाळेत मला मांडीवर बसवणारी ती बाई दाराला धरून उभी होती, आणि मी थकलो होतो, आणि माझ्या तोंडात एकच शब्द होता.

"व्हर्न," मी म्हणालो.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग श्वास सुरू झाला. आधीपेक्षा खोल आणि सावकाश, आणि तो स्पीकरमधून येत नव्हता, उशीवरून येत होता. मिसेस टर्पस्ट्रा पलंगापाशी आल्या आणि गोधडीवर हात ठेवून हसल्या.

"आता कुठे नीट घेतोय," त्या म्हणाल्या. "तुझी हाक त्याने ओळखली."

मी बटणावरचा हात काढून घेतला.